सहादेवच्या फळीला काठ पाहिजे

नवी आंबेवाडी, ता. राहुरी
आषाढ, १९७४

तीर्थरूप दाजींच्या पायांवर धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे बन्सीचा, डोकं टेकून नमस्कार.

इकडे सगळी मंडळी बरी आहेत, म्हणजे उभी आहेत. आक्काची कंबर आता कशी आहे? शेक चालू ठेवावा आणि पाण्याच्या कळशा तिनं उचलू नयेत. तुमच्या खोकल्याबद्दल विचारतो, पण तंबाखूबद्दल काही लिहीत नाही. (मागच्या पत्रात लिहिलं तर आक्कानं ते चार माणसांत मोठ्यानं वाचलं आणि तुम्ही दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत.) तुमचा पुतण्या सहादेव सुखरूप आहे, हेही आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं पत्र तुम्ही बसून वाचाल. तो जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि त्याचा ताप उतरला. ताप कशानं आला ते पुढे येईलच. मी फार दमलो आहे, दाजी. तीस वर्षं चौथीच्या वर्गाला शिकवलं, तेव्हाही इतका दमलो नव्हतो.

तुम्ही लिहिलं होतं की सहादेव हॉलंडहून साखर कारखान्याची यंत्रं शिकून आला, तिकडे त्याला शिडाच्या फळीवर उभं राहून पाण्यावरून जायचा नाद लागला, श्रीगोंद्यात उसाला पाणी आहे पण उभं राहायला नाही, आणि आमच्याकडे तर आख्खं धरण आहे, तेव्हा चार दिवस ठेवून घ्यावं. शेवटी बारीक अक्षरात असंही होतं की आमची चांगुणा त्याच्या सहज दृष्टीस पडू द्यावी, मात्र पाहण्याचा कार्यक्रम आहे हे दोघांपैकी कोणालाच कळू देऊ नये. दाजी, दोघांनाही ते आधीच कळलेलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त मला, कारण बारीक अक्षर मला चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि चष्मा चांगुणाच्या हातात होता.

तो आला तो एस.टी.च्या टपावर फळी बांधून. दोन माणसं एकापुढं एक निजतील एवढी लांब, पिवळी जर्द, पुण्याच्या सुताराकडून स्वतः उभं राहून करून घेतलेली. कंडक्टरनं विचारलं, "दार आहे का हो? मग शिंगणापूरला नका उतरू, तिथं कुणी घेणार नाही." यावर गप्प बसावं की नाही? सहादेवनं त्याला शीड, डोलकाठी, वारा असं सगळं नगर ते राहुरी समजावून सांगितलं आणि आख्ख्या गाडीनं ऐकलं. तो आमच्या उंबऱ्याशी पोचायच्या आत गावभर झालं होतं की गुरुजींचा होणारा जावई स्वतःचं दार घेऊन आलाय. चांगुणाची आई मनकर्णा ओवाळणीचं ताट घेऊन बाहेर आली, तिनं फळीकडं बघितलं, आणि आधी फळीलाच कुंकू लावलं. (तिला विचारलं तर म्हणाली, "मला वाटलं आहेर हाय.")

पोरगा गोड आहे, यात वाद नाही. जेवायला बसायच्या आधी त्यानं अंगणात काडीनं रेघा ओढून मला सांगितलं, "मामा, काठ नीट निवडला की निम्मं काम झालं. वारा काठाला आडवा हवा. लाटा बारीक हव्यात. तळाला दगड नकोत, वाळू असली तर उत्तम. वारा समोरून काठावर येत असेल तर फळी निघता निघत नाही, सारखी काठालाच येऊन लागते. आणि वारा आपल्या पाठीमागून पाण्याकडे जात असेल तर..." इथं मनकर्णानं ताटं वाढल्याची हाक मारली आणि पाठीमागून असेल तर काय, ते ऐकायचं राहून गेलं. पिठलं गरम होतं. मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही काठ हुडकायला निघालो. बैलगाडीत फळी आडवी घातली तर ती दोन्हीकडे बाहेर यायची आणि समोरून येणारा माणूस शेतात उतरायचा. उभी घातली तर बैल बुजायचे. शेवटी ती तिरकी बांधली आणि मी तिच्याखाली वाकून बसलो. आधी गेलो धरणाच्या भिंतीपाशी. तिथं वारा छान, आडवा म्हणजे आडवाच, पण लाटा भिंतीच्या दगडावर आपटून माघारी येत होत्या आणि पुढच्या लाटांशी भांडत होत्या. सहादेव म्हणाला, हे पाणी उकळतंय. त्यात राखणदार आला, आणि धरणाला दार बसवायचा हुकूम कुणी दिला असं विचारू लागला. मग गेलो देवीच्या टेकडीखाली. तिथं टेकडीमुळं वारा सलग येतच नव्हता. घटकाभर पानही हलू नये आणि मग एकदम पाठीत धपाटा बसावा तसा झोत यावा. सहादेव दर झोताला पडला. धुणं धुणाऱ्या बायांनी आधी पदर तोंडाला लावला, मग पदर काढून मोकळेपणानं हसल्या. तिसरा काठ बाभळीचा. धरण झालं तेव्हा झाडं तोडली पण बुंधे तसेच पाण्यात राहिले. तिथं सहादेवनं नुसता पाय घातला आणि काढला, आणि मग आम्ही संध्याकाळपर्यंत काटे काढत बसलो. चांगुणा सुई घेऊन काटे काढत होती. (सहज दृष्टीस पडणं ते हेच असावं, असं मला वाटलं. मी मान वळवून बैलाकडं बघत बसलो.)

एवढं झाल्यावर मला वाटलं, आता आपणच काठ सांगावा. दाजी, आपलं जुनं खळं तुम्हाला आठवत असेल. गाव पाण्याखाली गेलं, पण खळं उंचावर होतं म्हणून काठाशी उरलंय. तिथं मागच्या खिंडीतून कसा वारा यायचा! बाजरी उफणायला दुसऱ्या गावची माणसं यायची. भूस असं सरळ रेषेत उडायचं की कुणी दोरी धरलीय. मी सहादेवला तिथं नेलं. वारा सलग, न थांबणारा. काठाशी पाणी तव्यासारखं सपाट, एक लाट नाही. खाली मऊ माती. सहादेवच्या चेहऱ्यावर उजेड पडला. क्षणभर त्यानं मान वळवून खिंडीकडं बघितलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात चांगुणा आणि मनकर्णा न्याहारी घेऊन आल्या. त्यानं तोंड मिटलं आणि फळी पाण्यात घातली.

काय गेला हो तो! आधीच्या सगळ्या काठांवर आपटलेला हाच पोरगा, हे खरं वाटेना. शीड ताठ, पाठ ताठ, पाणी कापत फळी निघाली. मनकर्णानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. काठ मी निवडला होता ना! तो लांब गेला. आणखी लांब गेला. मग चांगुणा हळूच म्हणाली, "आबा, भूस कधी परत यायचं का खळ्यात?"

माझे हात तसेच हवेत राहिले. वारा आमच्या पाठीमागून पाण्यात जात होता. काठाला लाट नव्हती, कारण लाटा पुढं जाऊन मोठ्या होत होत्या. तिकडं मध्यावर पांढरं पांढरं फुटताना दिसत होतं आणि त्यात ते शीड एकदा आडवं झालं, उठलं, पुन्हा आडवं झालं, आणि मग उठलंच नाही.  मनकर्णा पाण्यापर्यंत धावली. "आता वन्संना काय तोंड दावू," एवढंच म्हणत होती. तुमच्या घरातला हा एकुलता एक मुलगा, आणि मी त्याला हातानं वाऱ्यावर सोडला होता.

पळत गोरक्षकडे गेलो. तो तराफा चालवतो, माणसं पलीकडं नेतो. त्यानं तराफा बांधून ठेवला होता. "गुरुजी, ह्या वाऱ्यात म्या गेलो तर दोगांना हुडकावं लागंल. त्याला सांगितलंय ना फळी सोडू नको म्हनून?" सांगितलं होतं की नव्हतं, मला काय माहीत! "फळी धरून आसंल तर वाराच त्याला पल्याड लावील. तुमी गाडी जुपा आन् पल्याड जाऊन हुबं ऱ्हावा." पण पल्याड म्हणजे कुठं? पलीकडचा काठ तरी केवढा! कुठं खडक, कुठं चिखल, कुठं पुन्हा त्याच बाभळी. खळ्यावर परतून मी म्हणालो, सरळ समोर जाऊ. चांगुणा म्हणाली, "आबा, एकदा काठ तुम्ही निवडलात. आता मी निवडते." तिनं खळ्यातली कडब्याची पेंढी पाण्यात भिरकावली आणि ती कुठं जाते ते डोळे बारीक करून बघत राहिली. पेंढी सरळ गेली नाही, डाव्या अंगाला सरकत सरकत गेली. "लंकाबाईच्या मळ्याकडं," ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. मनकर्णाला घरी देवापाशी बसवलं. धरणाला वळसा घालून जायचं म्हणजे बैलांचा जीव जातो.  वाटेभर चांगुणा पाण्याकडं बघत होती आणि मी तिच्याकडं. दाजी, तिच्या ओठांचा रंग गेला होता. सहज दृष्टीस पडलेल्या माणसासाठी कुणाचे ओठ असे पांढरे होत नाहीत, एवढं मला चष्म्याशिवायही दिसलं.

लंकाबाईच्या मळ्यात पोचलो तर बांधावर पिवळी फळी. झोपडीत चुलीपुढं तुमचा सहादेव लंकाबाईचं हिरवं लुगडं गुंडाळून बसलेला, दात वाजतायत आणि हातात भाकरी. लंकाबाई म्हणाली, "आदी वाटलं मगर हाय. दगुड घेतला हातात. मग ते खोकाय लागलं, तवा म्हनलं न्हाई, मानूस हाय." मी दाराशीच बसलो. 

चांगुणा आत गेली. तिनं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. मग विचारलं, "परत यायचं कसं ठरलं होतं?"

"ठरलं नव्हतं," सहादेव म्हणाला. "मागून वारा असेल तर निघायचं नसतं. मला माहीत होतं."

"मग का निघालात?"

"तुम्ही आलात म्हणून." आणि मग तो म्हणाला, "मध्यावर फार भीती वाटली. मी रडलो."

चांगुणानं चुलीत लाकूड सारलं आणि म्हणाली, "आधी भाकरी खा."

मुलगी पाहायला आलेला मुलगा लुगडं नेसून, ताप अंगात घेऊन, फळीखाली वाकून गाडीतून माघारी आला, ही हकीकत आता तालुकाभर झाली आहे. ताप उतरल्यावर चांगुणानं त्याला गावाच्या कुरणाच्या काठावर नेलं, जिथं वारा समोरून येऊन लाटा थेट काठाला लागतात. तो म्हणाला, इथून निघताच येणार नाही. ती म्हणाली, "हरकत नाही. इथं पडलात तरी घरीच याल." दोन दिवस तो तिथं पडत होता आणि पाणी त्याला आणून तिच्या पायाशी टाकत होतं. तो हसत होता. मी गुरं राखणाऱ्यांबरोबर बसून बघत होतो, आणि मला राहून राहून डुलकी लागत होती.

परवा तो गेला. जाताना दोघं एकमेकांशी काही बोलले नाहीत, माझ्याशीही बोलले नाहीत, तेव्हा मी असं धरून चालतो की हा योग काही जुळत नाही. दोष मुलाचा नाही, मुलीचा नाही, वाऱ्याचा आहे. तुम्ही राग मानू नये. फळी गोठ्यात आहे, म्हैस तिच्याकडं पाठ करून उभी राहते आणि दूध कमी देते. कारखान्याचा एखादा ट्रक इकडं येणार असेल तर ती ताबडतोब न्यावी. यापुढं पाण्याशी संबंध असलेला एकही पाहुणा पाठवू नये, ही हात जोडून विनंती. आता मला निजू द्या.

आक्काला नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा दमलेला,
बन्सी

ता.क. पत्र बंद करायच्या आत चांगुणानं ते मागून घेतलं आणि सगळं वाचलं. "फळी ताबडतोब न्यावी" हे वाक्य खोडा म्हणते. मी म्हटलं, शाईनं लिहिलंय, खोडलं तर वाईट दिसेल. तर म्हणाली, "मग खाली लिहा, फळी इथंच राहू द्या, म्हणजे माणूस येत-जात राहील." तिची आई आत रडतेय आणि साखर शोधतेय. तेव्हा योगाबद्दल वर जे लिहिलं ते वाचू नये. गळीत सुरू झालं की सहादेवला सुट्टी मिळायची नाही, आणि त्याच्या आधी चातुर्मास आहे, म्हणून मुहूर्त एकदम वैशाखातला बघून कळवावा.

ता.क. दुसरा. हा मजकूर फक्त तुमच्यासाठी, चार माणसांत वाचू नये. काल मनकर्णा राहुरीच्या बाजाराला गेल्यावर मी फळी कुरणाच्या काठाला नेली. नुसती धुवायला. धुतल्यावर बसलो. बसल्यावर उभा राहिलो. दाजी, वारा शिडात भरला की दोन्ही हातांना कुणीतरी धरून ओढल्यासारखं होतं, आणि तेवढ्यापुरतं माणसाला आपलं वय, नोकरी, गेलेलं गाव, काही म्हणता काही आठवत नाही. मग पडलो. पुन्हा उभा राहिलो. धोतर या कामाला चालत नाही, ते शिडाच्या आधी वारा धरतं. तरी श्रीगोंद्याच्या चौकातल्या तुमच्या शिंप्याकडून जाड कापडाची एक चड्डी शिवून पाठवावी. कंबर छत्तीस. रंग गडद असावा, आणि पुडक्यावर "शाळेचे नकाशे" असं लिहावं.