मोटारसायकलवर मावणारी खुर्ची

॥ श्री ॥

नांदुरा,
मार्गशीर्ष (तारीख टपालाच्या शिक्क्यावर पाहून घे. निवृत्त माणसाचे आणि तारखेचे फारसे देणेघेणे राहत नाही.)

चि. शेखर यास महादेवमामाचा आशीर्वाद. पत्र पाहून घाबरू नकोस, वर श्री घातलेला आहे तो आधी बघ. ज्या पत्रावर श्री असतो त्यात कुणी गेलेले नसते, एवढे तुलाही ठाऊक असेल. तुझी तब्येत कशी आहे, जेवण वेळेवर होते का, पुण्यात पाणी मानवते का, हे सगळे मी फोनवरच विचारले असते. पण तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तर 'मामा, मीटिंगमध्ये आहे' म्हणून ठेवून देतोस. पत्राला मीटिंग नसते. तुझी मामी बरी आहे, म्हणजे माझ्यावर ओरडण्याइतकी ताकद तिच्यात पूर्वीसारखीच आहे. माझा उजवा गुडघा मात्र कायमचा संपावर गेला आहे. सगळी कंडक्टरकी लोकांना 'बसून घ्या, बसून घ्या' म्हणण्यात गेली आणि मी स्वतः उभा राहिलो. आता बसायची पाळी आली तर गुडघा वाकायला तयार नाही.

पत्रास कारण की, मला एक खुर्ची निवडायची आहे. मोटारसायकलवर मावेल अशी, घडीची, टिकाऊ. या विषयात आपल्या सबंध खानदानात जाणकार असा तू एकटाच. तुझा तो लडाखचा फोटो, निळ्या पाण्याच्या काठी मोटारसायकल उभी आणि तिच्या बाजूला एवढ्याशा खुर्चीत तू पाय पसरून बसलेला, तो दयारामभाऊजींनी आपल्या मोबाईलवर अर्ध्या रोहिणखेडला दाखवला होता. 'पाहा, माहं पोट्टं लद्दाखात खुर्ची टाकून बसून राह्यलं' असे म्हणायचे, आणि समोरच्याने पुरेसे कौतुक केले नाही तर पुन्हा दाखवायचे. मी स्वतः तो इतक्या वेळा पाहिला आहे की त्या पाण्यात आंघोळ करून आल्यासारखे वाटते.

आता कंडक्टरकीतून उठलेल्या माणसाला असली खुर्ची कशाला, असे तुला वाटेल. (तुझ्या मामीला तर वाटलेच. तिने ते शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलेही.) त्याचे असे झाले. दयारामभाऊजींची तेरवी आटोपली, तू पुण्याला गेलास, त्यानंतर मी तुझ्या आईला भेटायला रोहिणखेडला गेलो. दुःखाच्या घरी कसे जायचे असते हे तुला सांगायला नको. येताना 'या' नाही, जाताना 'येतो' नाही. मुकाट्याने सतरंजीवर बसायचे, विचारले तर बोलायचे, आणि मुकाट्याने उठून चालू लागायचे. सगळे मला पाठ होते, फक्त सतरंजीवर बसायचे कसे ते गुडघ्याने ऐनवेळी नाकारले. मी ओसरीतल्या खांबाला धरून उभा राहिलो. तुझी आई भिंतीपाशी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले, उठली, शेजारच्या झुंबरबाईकडे गेली आणि लाल प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली. शेखर, दुःखातली बाई जागेवरून उठत नाही, तिला लोक उठवत नाहीत, आणि माझ्या बहिणीला मी खुर्चीसाठी उठवले. त्या खुर्चीत मी जेवढा वेळ बसलो तेवढा वेळ मला धरणीत जावेसे वाटत होते.

मग झुंबरबाईकडून कळले की ती लाल खुर्ची महिनाभर या घरातून त्या घरात फिरतेच आहे. फवारणीत विषबाधा होऊन माणूस गेला म्हटल्यावर चौकशीवाले येतात, पेपरवाले येतात, कुणी पुढारी येतो. प्रत्येकाला खुर्ची लागते. प्रत्येक वेळी तुझी आई ती आणते, तो बसतो आणि ती उभ्या-उभ्या सांगते. यंदा कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा तोंडावरच येत होता, तोंडाला फक्त शेला बांधला होता, असे सगळे पहिल्यापासून. तो गेला की खुर्ची पुसून परत करते. मी तिथेच ठरवले की यापुढे आपण येऊ तेव्हा आपली बैठक आपल्यासोबत आणायची. तिला उठवायचे नाही. बाकी माझ्या हातात काही नव्हते, रे. एवढे होते.

तर पहिली निवड. घरातली प्लास्टिकची खुर्ची उलटी करून मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बांधली. मोताळ्याच्या रस्त्याला वारा लागला की ती खुर्ची शिडासारखी फुगायची आणि मी जिकडे ती नेईल तिकडे जायचो. एका फाट्यावर चहावाल्याने विचारले, सभा कुठे आहे? दुसऱ्या फाट्यावर एक म्हातारी पिशवी घेऊन उभी होती, ती थेट जवळ आली आणि 'रोहिणखेडले किती घेता?' म्हणाली. (कंडक्टर निवृत्त होतो, त्याचा चेहरा होत नाही.) तिला नाही म्हणवेना, पण बसवू कुठे? खुर्ची होती, तीही उलटी. शेवटी खुर्ची चहावाल्याकडे ठेवून म्हातारीला घेऊन गेलो आणि रोहिणखेडला पुन्हा खांबाला धरून उभा राहिलो. तुझी आई पुन्हा उठली.

दुसरी निवड नांदुऱ्याच्या बाजारातली. तीन पायांचे कॅनव्हासचे स्टूल, मिटले की छत्रीएवढे. मोटारसायकलवर झकास मावले. पण स्टूल करणाऱ्याने आपली काळी माती पाहिलेली नसावी. अंगणात मांडून बसलो, समोर आलेल्या चार माणसांशी दयारामभाऊजींच्या चांगुलपणाविषयी गंभीरपणे बोलू लागलो, आणि एक पाय हळूहळू जमिनीत जाऊ लागला. बोलता बोलता मी डावीकडे कलत होतो. समोरच्यांना वाटले दुःखाने कलतो आहे, म्हणून त्यांनी माना खाली घातल्या. त्यामुळे मी प्रत्यक्ष पडलो तो कुणी पाहिला नाही, आवाज तेवढा सगळ्यांनी ऐकला.

तिसरी निवड तुझ्या फोटोतली. मोबाईलवरून मागवली. आली ती डब्याच्या पिशवीएवढ्या पिशवीत. मामी म्हणाली, उरलेली खुर्ची मागून येत असेल. आत नळ्याच नळ्या, आतून रबरी दोरी. एक जोडावी तर दुसरी आपोआप उडी मारून तिसरीत शिरते. माझा मित्र फकीर मोहम्मद (मोटारसायकलच्या सीट शिवतो, तू त्याला ओळखतोस, लहानपणी तुझ्या सायकलला त्यानेच हिरवी सीट चढवली होती) मदतीला आला. दोघांनी मिळून पहिल्यांदा जी वस्तू उभी केली तिला बकरीनेसुद्धा ओळख दिली नाही. दुसऱ्यांदा खुर्ची झाली. मी बसलो. आणि शेखर, बसलो तो बसलोच. डावा गुडघा कानाशी, उजवा पाय समोर ताठ, बूड जमिनीच्या शेजारी. एवढ्या खाली लडाखला तरुण माणसे बसत असतील, आमच्या वयाच्या माणसाने तिथे फक्त पडावे. फकीर मोहम्मदने चारी बाजूंनी फिरून पाहणी केली आणि निकाल दिला, 'भाऊ, हिच्यात मानूस बसत नाही, फसते.' मग त्याने आणि मामीने बगलेत हात घालून मला बाहेर काढले. मामी हसली नाही. तिने ते हसणे राखून ठेवले आहे, रोज थोडे थोडे वापरते.

फकीर मोहम्मदने नंतर तिला चार जुन्या नळ्यांचे लांब पाय लावून दिले आणि पायांखाली टायरचे गोल तुकडे शिवले, मातीत जाऊ नयेत म्हणून. उंची किती हवी यावर आमचे भांडण झाले. तो म्हणे, भरपूर ठेवू. मी म्हणालो, ज्याच्या घरी दुःख आहे तो खाली बसलेला असतो, त्याच्या डोक्यावर बसून बोलायचे नाही, आणि मला उठताही आले पाहिजे. त्यावर त्याने पुन्हा माप घेतले आणि नळ्या कापल्या.

ती घेऊन मागच्या आठवड्यात रोहिणखेडला गेलो. अंगणात मोटारसायकल लावली, पिशवी काढली आणि खटाखट नळ्या जोडू लागलो. बोंडअळीचे पंचनामे चालू आहेत हे तू ऐकले असशील. (रोहिणखेडकरांनीही ऐकलेलेच आहे, पाहिलेले नाही.) मोटारसायकलवरून आलेला, पँट-शर्टातला, पिशवीतून यंत्रासारखे काहीतरी काढून अंगणात मांडणारा माणूस दुसरा कोण असणार? मी टेकतो न टेकतो तोच माणसे जमली. हातात कैऱ्या, म्हणजे कपाशीची हिरवी बोंडे, फांद्या, कुणी सबंध झाड उपटून आणलेले. रामराव म्हणून एक होते, त्यांनी माझ्या दुखऱ्या गुडघ्यावरच कैरी फोडून दाखवली. आत ती गुलाबी अळी, गुबगुबीत, कापूस खाऊन सुखी. या बियाण्याला अळी लागतच नाही म्हणून सांगितले होते म्हणे. मी हात जोडून सांगितले की मी निवृत्त कंडक्टर आहे. रामराव शांतपणे म्हणाले, 'साहेब, मांगच्यानंबी असंच सांगतलं व्हतं, का मी त्या खात्याचा नाही.' मग मी प्रत्येकाची कैरी पाहिली. पाहण्याखेरीज मला काही येत नव्हते, पण नीट पाहिली.

गलका ऐकून तुझी आई बाहेर आली. 'अहो, तो माहा भाऊ होय, त्याले काऊन तरास देता?' म्हणाली. लोक ओशाळून गेले. मग ती खुर्चीकडे पाहत राहिली. म्हणाली, 'शेखरच्या फोटोतली नं ही?' मी उठलो. ती बसली. शेखर, ती भिंतीपासची जागा सोडून अंगणात उन्हात बसली, पाय लांब करून, अगदी तुझ्यासारखी. मी पुन्हा खांबाला धरून उभा, पण या वेळी मला त्याची लाज वाटली नाही. मग ती बोलली ते जसेच्या तसे लिहितो. 'त्याच्या बापाचा खांदा दुखे, म्हनून त्यानं फवारनीचा बॅटरीचा पंप धाडला. चांगल्यासाठी धाडला. आता त्या पंपापायी तो घरी येत नाही, मले काय समजत नाही? त्याले कोन सांगन, महादेवा?'

मी सांगतो म्हणालो. सांगितले.

बाकी क्षेम. मामीचा आशीर्वाद. फकीर मोहम्मदने सलाम सांगितला आहे आणि तुझ्या मोटारसायकलची सीट कुणी शिवली, त्याचे नाव विचारले आहे. (चांगल्या हेतूने नाही.)

तुझा,
महादेवमामा

ता. क. ती खुर्ची आता रोहिणखेडलाच आहे. तुझी आई देत नाही. झुंबरबाईची लाल खुर्ची परत गेली ती गेली. परवा एक चौकशीवाले आले होते, तुझी आई आपल्या खुर्चीतून उठली नाही. त्यांना सतरंजी दाखवली. ते बसले, आणि म्हणे पहिल्यांदाच कुणी पूर्ण ऐकून घेतले.

ता. क. २. तेव्हा माझी बैठक पुन्हा गेली आणि मला दुसरी खुर्ची हवी आहे. नवी निवडत बसायची ताकद माझ्यात नाही. तुझी ती लडाखची दे, लांब पाय फकीर मोहम्मद लावून देईल. कुरिअरने पाठवू नकोस, कुरिअरवाला रोहिणखेडला जात नाही. मोटारसायकलवर बांध आणि घेऊन ये. ती लडाखला पोचली म्हणजे मोताळ्याचा रस्ताही सोसेल.

ता. क. ३. एक राहिले. तेरवीनंतर तू निघालास तेव्हा जमलेल्या म्हाताऱ्यांनी तुला दटावले होते की दुःखाच्या घरातून 'येतो' म्हणायचे नसते, आणि तू शहाण्या मुलासारखा मुकाट निघून गेलास. अरे वेड्या, ते पाहुण्यांसाठी असते. घरच्या पोरासाठी नसते. तुझी आई त्या दिवसापासून तेच धरून बसली आहे, 'तो येतो म्हनला नाही.' आता ये, चार दिवस राहा, आणि जाताना दारात उभा राहून तिला ऐकू जाईल असे म्हण.