जवळ पडतं म्हणून फौज

ती. आत्यास, डोक्यावरच्या सगळ्या केसांसकट नमस्कार. (केसांचं आत्ताच का काढलं ते पुढे कळेल.)

तुझे गुडघे कसे आहेत? काकांचं घोरणं पूर्वीसारखंच चालू आहे ना? (थांबलं असेल तर मात्र डॉक्टरला दाखव.) आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे आईची पाठ धरलेली आहे, बाबा बोलत नाहीत आणि माझं डोकं ठिकाणावर नाही, पण एकंदरीत बरे. पत्राला कारण असं की मला फौजेतून बोलावणं आलंय, आणि जावं की जाऊ नये हे घरात कुणालाच धड ठरवता येत नाहीये. या घरात ज्याच्यापुढे सगळे गप्प बसतात असं माणूस एकच, ते म्हणजे तू, आणि तू राहतेस गाडीने जवळजवळ देशाच्या दुसऱ्या टोकाला. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. चष्मा लावून बस.

आपलं सलून फौजेच्या ट्रेनिंग सेंटरच्या फाटकासमोर, हे तुला सांगायला नको. नवी भरती झालेली पोरं आत जायच्या आधी आपल्याकडे येतात आणि बाबा त्यांचे केस उतरवतात. त्यासाठी कोपऱ्यात वेगळी खुर्ची आहे, तिची पाठ आरशाकडे. बाबांचं म्हणणं, पोराने स्वतःचं डोकं भादरलं जाताना बघू नये, सगळं झाल्यावर एकदाच काय ते बघावं. पोरगं बसलं की बाबा विचारतात, घरी कोण कोण? ते बिचारं आई, बाप, बहिणी, चुलता असं करत मोजायला लागतं, आणि मोजून होईपर्यंत केस जमिनीवर आलेले असतात. (मोठ्या कुटुंबातल्या पोरांचं काम जास्त सफाईने होतं. एकुलता एक निघाला तर बाबांना शेजाऱ्यापाजाऱ्यांचीही चौकशी करून वेळ भरून काढावा लागतो.) मग खुर्ची फिरते, आणि पोरगं आरशातल्या माणसाकडे असं बघतं की याला कुठेतरी पाहिलंय खरं. मी झाडू मारतो.

आता माझ्या केसांबद्दल. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण दुसरं कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. पुढची बट कपाळावर आपसूक येते, मी तिला फक्त सकाळी अर्धा तास प्रोत्साहन देतो. गिऱ्हाइकं आत आली की आधी माझ्याकडे बघतात आणि मग बाबांना म्हणतात, असे कापा. बाबा म्हणतात, तसे कापायला आधी तसे असावे लागतात. आयुष्यात बाबांनी माझं केलेलं कौतुक ते एवढंच, तेही गिऱ्हाइकाला गप्प करायला. आई म्हणते की घरातलं निम्मं तेल या डोक्यात जिरतं आणि आत मात्र काही पोचत नाही.

तर ही फौजेची कल्पना मुळात आईची. मी काहीतरी नोकरी बघावी म्हणून ती मागे लागली होती, आणि एक दिवस गच्चीत कपडे वाळत घालताना तिला समोरचं फाटक दिसलं. (ते गेली कित्येक वर्षं तिथेच आहे, पण त्या दिवशी दिसलं.) तिचा हिशेब सरळ होता. नोकरी पक्की, कपडे फुकट, आणि रस्ता ओलांडला की घर. दुपारी जेवायला येता येईल. नाहीच सोडलं तर ती फाटकावर डबा नेऊन देईल, आणि मी जेवलो की नाही ते गच्चीतून तिला दिसेलच. मलाही पटलं. एवढ्या जवळची नोकरी अख्ख्या गल्लीत कुणाला नव्हती, कोपऱ्यावरच्या शिंप्यालासुद्धा दोन वळणं घेऊन दुकानात जावं लागतं.

आपले रिटायर्ड सुभेदार, मिशी कापायला येतात ते, त्यांनी माझी तयारी करून घ्यायचं मनावर घेतलं. ते स्कूटरवर आणि मी पुढे पळत, अशी आमची सकाळची वरात निघायची. मी एका हाताने बट धरून पळतो म्हणून ते ओरडायचे. (एका हाताने पळूनही दम टिकत होता, हे मात्र त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.) भरतीच्या दिवशी धावायला सोडलं तर पोरांचा नुसता लोंढा. माझा काही पुढे जायचा विचार नव्हता, पण माझ्या पुढे एक पोरगं होतं आणि त्याची मान मागून इतकी वाईट कापलेली होती की मला राहवेना. डावीकडे पायऱ्या पाडल्यासारखं, उजवीकडे टक्कल. हे कुणाचं पाप, ते विचारावं म्हणून मी वेग वाढवला, तर तो लेकाचा आणखी जोरात पळायला लागला. असे आम्ही दोघं सगळ्यांच्या पुढे पोचलो. (त्याच्या मेहुण्याने कापले होते.) छाती मापात बसली, डोळे चांगले निघाले. शेवटी मोठ्या साहेबांनी विचारलं, फौजेतच का यायचंय? सुभेदारांनी तीन-चार भारदस्त वाक्यं पाठ करून घेतली होती, ती त्या क्षणी डोक्यातून पार गेली, आणि मी खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, जवळ पडतं, साहेब. साहेब बराच वेळ खाली मान घालून बसले. त्यांचे खांदे हलत होते.

बहुतेक त्यांनी ते लक्षात ठेवलं. कारण कागद आला तो तुझ्या गावच्या सेंटरचा. आईने तो उलटा करून मागेही बघितला, मागे काही आपलं फाटक लिहिलेलं असेल म्हणून. मग ती तडक रस्ता ओलांडून पहारेकऱ्याकडे गेली आणि त्याला सांगितलं की तुमच्यात काहीतरी घोळ झालाय, आमचा मुलगा हा इथे समोर राहतो. पहाऱ्यावर बोलायची परवानगी नसते, म्हणून तो समोर बघत राहिला. त्याने ते मान्य केलं असं आईने धरलं आणि ती दोन दिवस निश्चिंत होती.

आता घरात असं आहे. सुभेदार म्हणतात, जा. आई म्हणते, जा, पण इथेच. बाबा म्हणतात, बघ बुवा. आणि मी कशाला घाबरतोय ते फक्त तुला सांगतो, हसू नकोस. गोळीला मी अजून घाबरायला घेतलेलंच नाही. लहानपणी मी ओट्यावरून पडलो होतो, तेव्हाची डाव्या कानाच्या वर एक खोक आहे, आणि तिथे डोकं अंमळ आत गेलंय. ही गोष्ट जगात आई, बाबा आणि तू, तुम्हा तिघांनाच माहीत आहे. कागदात लिहिलंय की केस बारीक कापून हजर व्हावे. तेव्हा मी बाबांना म्हटलं, आधी सगळे उतरवून टाका, कसा दिसतो ते बघतो, मग ठरवतो. तर बाबांना वेळच होईना. मशीनची धार गेलीय. धार लावली तर तेल नाही. तेल आणलं तर गिऱ्हाईक थांबलंय. चहा यायच्या आत पोरांची अख्खी रांग भादरणारा माणूस, त्याला एका डोक्याला वेळ मिळेना.

शेवटी एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं. मी जाऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलो. बाबांनी कापड गुंडाळलं, मशीन हातात घेतलं, आणि निव्वळ सवयीने त्यांच्या तोंडून गेलं, घरी कोण कोण? मी म्हटलं, आई आहे. बाबा आहेत. तेवढ्यावर यादी संपली. मशीन चालू होतं पण डोक्याला लागेना. मग त्यांनी मशीन बंद केलं, कात्रीने कानामागचे चार केस कापले, कापड झटकलं आणि म्हणाले, झालं. आत्या, मला रडू आलं. मी झाडू घेतला आणि झाडायला जे नव्हतं तेच झाडत बसलो.

तेव्हा तूच सांग. जाऊ की नको? तू म्हणशील ते मला मान्य. आईला आणि बाबांना तर तुझं मान्य करावंच लागतं. काकांना नमस्कार, गुडघ्यांना शेक देत जा, आणि उत्तर लगेच पाठव.

तुझाच,
भाचा (डोकं अजून झाकलेला)

ता. क. निर्णय सर्वस्वी तुझा आहे, फक्त तो 'जा' असा असावा. मी तिकीट काढलंय. खरं कारण विचारशील तर, ती पोरं काही महिन्यांनी सुटीवर जाताना पुन्हा आपल्याकडे येतात. चालच बदललेली असते. खुर्चीत बसतात आणि आरसा कुठाय ते शोधतही नाहीत. मी इतकी वर्षं नुसता त्यांचे केस झाडतोय, मलाही एकदा तसं व्हायचंय. पण बाबांना हे मी सांगू शकत नाही. तू सांग. तुला ते उलट बोलत नाहीत.

ता. क. दुसरा: रविवारी सुटी मिळाली तर मी तुझ्याकडे जेवायला येईन. तुझ्या घरापासून ते सेंटर किती लांब आहे? (जवळ पडत असेल तर उत्तमच.) पाकीट टपालात टाकायला बाबांकडेच देतोय. काळजी करू नकोस, ते दुसऱ्याची पत्रं वाचत नाहीत.

ताई, वरचं सगळं वाचलं. पोराला डिंकसुद्धा धड लावता येत नाही. तिकिटाचं मला सुभेदारांनी आधीच सांगितलं होतं. त्याला जा म्हणून कळव, माझी ना नाही. मशीनची धार कधीच गेली नव्हती. इथे माझा हात चालत नाही एवढंच. तिकडच्या कुठल्याही माणसाच्या हातात त्याचं डोकं देऊ नकोस, डाव्या कानावर हलक्या हाताने घ्यावं लागतं. त्याच गाडीचं मीही तिकीट काढलंय, त्याला सांगू नकोस. एक खुर्ची तेवढी बघून ठेव. आरसा नसला तरी चालेल.