डाव्या स्पीकरची तार

मी, मालती रामदास बोरसे, वय एकाहत्तर, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त तंत्रज्ञ, राहणार उधना, सुरत, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकाला किंवा गोड बोलण्याला बळी न पडता, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहिते.

१. राहते घर मुलगा योगेंद्र आणि मुलगी योगिता यांना निम्मे-निम्मे. भांडायचे असल्यास बाहेर जाऊन भांडावे.

२. होम थिएटर योगेंद्रला, केबलींसकट. त्याला बिनतारी आणायचे तर खुशाल आणावे, पण केबली फेकू नयेत. आल्यागेल्याला तो सांगतो, "बाबांनी घरी बनवल्या." साफ खोटे. दुकानदाराने सोनेरी टोकांच्या केबली दाखवून मला बकरा समजल्यावर साधी तांब्याची तार आणून, सोलून, टोकांना डाख देऊन पाचही केबली मी केल्या. तीस वर्षे एक्स्चेंजमध्ये मी काय बांगड्या वाजवत होते? ह्यांनी दिले ते फक्त लाल सूत, बमरोलीच्या लूम कारखान्यातले. प्लसची तार ओळखू यावी म्हणून ते मी दोन्ही टोकांना बांधले.

३. सोल्डरिंग आयर्न, पक्कड आणि तार सोलायचा चिमटा योगिताला. गरम आयर्न गादीवर ठेवू नये. हे पुन्हा सांगावे लागत आहे.

४. दीर भटू यांना काही नाही. कारण असे. केबली जोडल्या त्या रविवारी सगळे वा वा करत होते. लूमच्या छत्तीस वर्षांच्या खडखडाटात ह्यांचे कान गेलेले. पण मागातला बिघाड त्यांना तळपायाने कळायचा. फरशीवर अनवाणी उभे राहून म्हणाले, "या दोन्ही डबा भांडी राहिनात. डावा डबानी तार उलटी शे." म्हणजे दोन्ही स्पीकर एकमेकांशी भांडताहेत, डाव्याची तार उलटी आहे.

भटू हसले. "दादा, तुले आते ऐकू तरी येस का?"

सगळे हसले. मी म्हणाले, "तार बरोबर आहे. तुमचे कान तपासून घ्या."

५. दुसऱ्या दिवशी ते भाजी आणायला गेल्यावर मी ती केबल उघडली. एका टोकाला लाल सूत मी भलत्याच तारेला बांधले होते. पाच मिनिटांत दुरुस्त केले. त्यांना सांगितले नाही. त्यानंतर चार वर्षे, जाईपर्यंत, ते घरातही चपला घालूनच गाणी ऐकायला बसत.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर चूक शंभरदा लिहायला लावत. ही एकदाच लिहिते. ते बरोबर होते. चूक माझी होती.

६. कलम ४ मध्ये दुरुस्ती. भटू नुसते हसले. खरे मी लपवले. म्हणून ह्यांच्या त्या चपला भटूंना द्याव्यात.

७. माझ्या तेराव्याला होम थिएटर लावावे. सर्वांनी फरशीवर अनवाणी उभे राहावे, आणि गाणे संपल्यावर योगेंद्रने कलम ५ मोठ्याने वाचावे.

सही: मालती रामदास बोरसे
उधना, सुरत. १४ सप्टेंबर २०२४

श्रीमती बोरसे यांनी वरील मजकूर आमच्यासमोर वाचून सही केली. पाचव्या कलमाशी थांबल्या, पाणी मागितले, ते कलम पुन्हा पहिल्यापासून वाचले.

साक्षीदार:
१. वर्षा चेतन महाले, शेजारी
२. डॉ. धर्मेंद्र छगन पटेल