मोरचुदात बुडवलेला अडकित्ता

ती. आईस,
रायपूरहून गंधारचा नमस्कार. बाबांनाही सांग.

पंधरा दिवस पत्र टाळलं, कबूल आहे. फोनवर तू आवाजावरूनच माझं मन लगेच ओळखते, म्हणून लिहून राहिलो.

मी मजेत आहे. समता कॉलनीत बॅटरीच्या दुकानात काम पक्कं झालं. ई-रिक्षावाले मले भैया म्हणतात. इथं पोह्यांसोबत जिलेबी खातात, तुले आवडली नसती. यंदा संत्र्याचा बहार कसा आहे?

देवश्रीताईले विद्युत-रसायनशास्त्राचा एवढा मोठा परदेशी पुरस्कार भेटला, आनंदच आहे. पण गावातल्या सत्काराले माझं येणं जमत नाही. दुकानात लय काम आहे.

खोटं लिहिलं, आई. एवढं काम नाही. मले ताईचा पुरस्कार जाळते. संत्र्यांवर फवारायच्या मोरचुदाच्या पाण्यात तुझा अडकित्ता कोणी बुडवला होता? मी. लोखंडावर तांबं चढलं म्हणून मार कोणी खाल्ला? मीच. ताईनं फक्त वहीत लिहिलं, "असं काहून होते?" तिची वही परदेशात पोचली अन् मी इथं बॅटऱ्यांत पाणी भरून राहिलो. पुरस्काराच्या भाषणात माझं नाव तरी घ्यायचं होतं तिनं.

थांब, दारात ऑटो आला. आई, ताई उतरली! नवा रायपूरले तिचं व्याख्यान आहे म्हणते. पर्समधून तोच अडकित्ता काढला, काउंटरवर ठेवला अन् शेठले सांगून राहिली, "मेरा पहला प्रयोग इसने किया था. मार भी इसीने खाई."

सत्कार किती तारखेले म्हणाली होतीस?

तुझा,
गंधार