वजदीचा निरोप आलाय

बाबा,

कॉम्प्युटर उघडला. वजदीने चोरून इटलीला नेणाऱ्या बोटवाल्यांशी बोलू नये म्हणून तुम्ही बदललेला पासवर्ड तुम्हालाच आठवेना, तो शेवटी कॉम्प्युटरच्या दुकानातल्या हातेमने घरी येऊन काढून टाकला. आता काही विचारत नाही.

वजदीचा निरोप सकाळीच येऊन पडला होता. इंजिन बंद पडलंय, बोटीत पाणी येतंय, लाम्पेदूसा बेट अजून दिसत नाही. ते कुठे आहेत त्याचा नकाशाही पाठवलाय. तो कागदावर उतरवून घेऊन मी आणि आई बंदरावर तटरक्षकांकडे जातोय. तेलघाण्याच्या आवाजात तुम्हाला फोन ऐकू येत नाही, म्हणून लिहून ठेवतेय.

चांगला फोन तोच घेऊन गेलाय, त्यामुळे पुढचं जे येईल ते कॉम्प्युटरवरच येईल. समोरून उठू नका. आतला पंखा धुळीने अडकलाय, तापला की सगळं बंद पडतं. झाकण काढून टेबलफॅन लावलाय, तो हलवू नका. बंद पडलाच तर जरा थंड होऊ द्या, मग मोठं बटण दाबा. घाबरून सारखं दाबत बसू नका. हातेम म्हणाला, "आता हा गेला तर माझ्याही हातात काही नाही."

आईला पाण्याचं सांगितलेलं नाही. तिला वाटतंय, पोराच्या बोटीचं नुसतं इंजिन बिघडलंय.

त्याचा आवाज आला, तर का गेलास म्हणून विचारू नका, बाबा. लाइफ जॅकेट घातलंयस का, एवढं विचारा आणि मग काहीही बोलत राहा. तो ठेवेपर्यंत तुम्ही ठेवू नका.

रिहाब