चालू मशीनला बांधलेलं लाल फडकं

बाबा, आज सकाळी अकराच्या सुमाराला मला तुमची फार आठवण आली. आठवण कसली, भीतीच ती. परभणीतल्या ज्या दवाखान्याचे कॉम्प्युटर मी सांभाळते, तिथे एका कपाटात दोन जुनी मशीनं आहेत. सगळ्या पेशंटांचे एक्स-रे, रिपोर्ट त्या दोघांत जपलेले असतात. एक बंद पडलं तर दुसऱ्याने सगळा भार उचलायचा, अशी सोय. तुमच्या पंपहाउसातल्या दोन पंपांसारखीच. दोन्ही मशीनं कधीच बदलायला हवी होती. मी दरवर्षी लिहून देते, साहेब दरवर्षी 'बघू' म्हणतात.

आज त्यातलं एक पडलं. पुरतं पडलं असतं तर बरं झालं असतं. ते मध्येच गप्प व्हायचं, मध्येच जागं व्हायचं. अशा वेळी दोघांनाही वाटतं, आता कारभारी आपणच, आणि दोघंही आपापल्या मनाने लिहीत सुटतात. मग कुठला रिपोर्ट खरा, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून आजारी मशीनची वीज आधी तोडायची. काम एवढंच, एक वायर ओढायची. पण दोन्ही मशीनं दिसायला सारखी, दोन्हींवर हिरवे दिवे, आणि वायरींवरच्या आकड्यांच्या चिठ्ठ्या गळून पडल्यावर कोणीतरी अंदाजाने परत चिकटवलेल्या. चुकीची वायर ओढली असती तर चांगलं मशीन पुन्हा उठेल याची खात्री नव्हती. माझ्याकडे परवापर्यंतची नक्कल होती. कालचे पेशंट दुसरीकडे कुठेच नव्हते.

एक्स-रेवाले मामा दारात आले. "ताई, पेशंट बसून हायेत. डॉक्टर लय चिडायलेत. किती टाइम लागंल?"

मी खेकसले, "घाई असंल तर तुमीच ओढा वायर!"

ते एक पाऊल मागे सरले. "न्हाई ताई, सावकाश बघा. मी सांगतो त्यांना."

वायरीला हात लावायचा धीर होईना, बाबा. आणि मला पालमकडचं ते नदीकाठचं पंपहाउस दिसत होतं. मी आठ वर्षांची आहे, सुट्टीत तुमचा डबा घेऊन आले आहे. एक पंप बिघडला आहे. तुम्ही चालू पंपाच्या फ्यूजला लाल फडकं बांधता. मी विचारते, बिघडलेल्याला बांधायचं ना? तुम्ही हसता. "बिघडलेल्याला हात लागून काय व्हायचं हाय? चुकून हात लागतो तो चालूला. त्याला जपायचं." मग तुम्ही नदीवर हात धुवायला जाता, आपण जेवतो, आणि जेवणानंतर तुम्ही उठून बिघडलेल्याचा समजून चालू पंपाचाच फ्यूज ओढता. पाणी उलटं फिरतं आणि मोठा आवाज होऊन पाइप फुटतो.

पाणीपुरवठ्याचे साहेब गावासमोर वाटेल ते बोलले. तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "फडकं बांधायचं राहिलं साहेब. चूक माझी हाय." चार दिवस बायका नदीवरून पाणी वाहत होत्या आणि येता-जाता तुम्हाला ऐकवत होत्या. त्यानंतर तुमचा स्वतःवरचा भरवसाच उडाला. घराला कुलूप लावून अर्ध्या वाटेवरून परत यायचात, ओढून बघायला. आई चिडवायची, तुम्ही ओशाळायचात.

आज मी चिठ्ठ्यांकडे बघितलंच नाही. कुठल्या मशीनचा पंखा मध्येच थांबतो ते कान लावून ऐकलं, मग प्लगपासून त्याची वायर धरली आणि हात न सोडता थेट मशीनपर्यंत गेले. दोनदा. चांगल्या मशीनला ड्रॉवरमधलं लाल फडकं बांधलं आणि दुसऱ्याची वायर ओढली. त्याचे दिवे विझले. मग बाहेरून मामा ओरडले, "ताई, फोटो दिसायलेत!"

नवीन भाग उद्या येणार. तोपर्यंत एकच म्हातारं मशीन सगळं ओढतंय आणि मी त्याच्यासमोर बसून हे लिहितेय. त्याचा आवाज जरा बदलला की मी लिहायचं थांबते.

तुम्ही गेलात, आता हे पत्र कुठे टाकणार? ड्रॉवरमध्येच राहील. तुम्ही फडकं विसरला नव्हतात, बाबा. तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा वेणीला बांधायला म्हणून मीच ते सोडलं. साहेब बोलत होते तेव्हा ते माझ्या मुठीत होतं. आज बांधलं, ते तेच.