कार्ड मेलेलं आहे म्हण

प्रिय सोन्या,

तू पाठवलेला मोठा मॉनिटर आणि ते ग्राफिक्स कार्ड, दोन्ही सुखरूप पोचलं. बाबांना अक्षरं मोठी दिसावीत म्हणून तू एवढा खटाटोप केलास. पण तुझे बाबा! आयुष्यभर लोकांचे टीव्ही दुरुस्त केलेला माणूस, तो कार्ड बसवायला दुसऱ्या कुणाला कशाला बोलावेल? सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ना, तसं. सोबत आलेला माहितीचा कागद मी पुढे केला, तर म्हणाले, असले कागद अडाण्यांसाठी असतात, ठेव तिकडे.

काल दुपारी जेवण झाल्यावर कॉम्प्युटरचा डबा उघडून बसले. स्क्रू द्यायला, टॉर्च धरायला मी होतेच, दुकानात असायचे तशी. बोटांनी चाचपून त्यांनी कार्ड बरोबर खाचेत बसवलं, वायरी जोडल्या. मधेच माझ्यावर खेकसले, टॉर्चचे सेल संपलेत, एवढंही कळत नाही का तुला? मी म्हटलं, अहो, कालच बदललेत. तर म्हणे, दुकानदाराने फसवलं तुला. बटण दाबलं, पंखे फिरले, आणि मॉनिटर काळाच. कार्ड काढलं, पुन्हा बसवलं. मेमरीच्या पट्ट्या काढून पुसल्या. वीज पोचते का ते पाहिलं. काही नाही. मग काय, दुकान चोर, कंपनी चोर, आणि बिनकामाची वस्तू पाठवलीस म्हणून तूही बावळट.

ते हात धुवायला गेले तेवढ्यात मी कागदावरचं चित्र पाहिलं. मॉनिटरची केबल नव्या कार्डाला लावायची असते, यांनी ती सवयीने वरच्या जुन्या जागीच खुपसलेली. काखेत कळसा अन् गावाला वळसा. मी केबल बदलली, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. आधी पांढरी अक्षरं आली आणि मग तुझ्या पिल्लाचा फोटो, पडदाभर, दात पडलेलं हसू. काय आनंद झाला म्हणून सांगू! आज बरी खोड मोडते यांची, असं मनात म्हणून मी गप्प बसले.

बाबा आले, खुर्ची ओढून समोर बसले. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, बघ, अजून काळंच. कार्डच मेलेलं आहे. मला वाटलं थट्टा करतायत. तुला ठाऊक आहे त्यांचा स्वभाव. मग त्यांनी शर्टाच्या बाहीने पडद्यावरची धूळ पुसली, पिल्लाच्या थेट चेहऱ्यावरून.

टॉर्च आठवला, तो कागद आठवला. हल्ली चहा ओतताना कपात बोट घालून बसतात, तेही आठवलं. घर पाठ आहे म्हणून चालतात, फिरतात. मला काही कळू दिलं नाही. मी हळूच मागे हात घालून केबल उपटली आणि म्हटलं, हो, मेलेलंच दिसतंय. जन्मभर यांच्यासोबत बिघडलेलं चालू केलं, काल चालू झालेलं माझ्या हाताने बंद केलं.

आता ते तुला फोन करून झाडतील. तू उलट बोलू नकोस. कार्ड मेलेलं आहे म्हण, परत करायला मी स्वतः येतो म्हण, आणि लगेच ये. डोळ्यांच्या डॉक्टरकडे माझ्या सांगण्याने ते मेले तरी जाणार नाहीत, तू धरून नेलंस तर जातील. काही उरलं असेल तर वाचेल. मला एकटीला हे झेपत नाही. फोनवर बोलता येत नाही, कान तिखट आहेत अजून. पत्राचं मात्र तसं नाही. हे सगळं मी त्यांच्या समोर, त्याच टेबलावर बसून लिहितेय. मघाशी त्यांनी विचारलं, काय खरडतेयस एवढं? म्हटलं, कार्डाच्या कंपनीला तक्रार. म्हणाले, चांगली खरमरीत लिही, आणि झाली की मला दाखव.

तुझीच,
आई